ठकूबाईच्या राण्या

हवालदार पिंगळ्यांनी मुद्देमाल चिंचेत उकळला होता.

मी पोलीस ठाण्यात पोचले तेव्हा मागच्या ओट्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं उपडं पडलं होतं, शेजारी चुलीतल्या राखेचा ढीग होता आणि आत टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर राणीछाप चांदीचे रुपये ओळीनं मांडून ठेवले होते. सगळे पांढरेफटक. जुन्या चांदीला एक सावळेपण असतं, ते पार निघून गेलं होतं.

"हे कुणी केलं?"

"मीच की!" पिंगळे छाती काढून म्हणाले. "सकाळपासून घासतोय. काळीठिक्कर नाणी होती नुसती. आज ओळख पटवायची, साहेब स्वतः बसणार, तर मुद्देमाल कसा चकाचक दिसायला पाहिजे का नको?"

"अहो काका, जुनी चांदी अशी घासतात का?"

"आमची मंडळी देव अशीच घासते. चिंच लावायची आन् राख. देवाला चालतं ते पोलिसाला चालत न्हाई व्हय?"

मी पिशवी खाली ठेवली आणि गप्प बसले. गप्प बसणं मला फारसं जमत नाही, पण बाबांनी निघताना बजावलं होतं की तिथं जाऊन कुणाच्या चुका काढत बसू नकोस.

आम्ही पोतदार. माणदेशातल्या आमच्या तालुक्याच्या गावात रुपया पारखायचं काम आमच्याच घरात होतं. आजोबांच्या वेळी बाजाराच्या दिवशी लोक रुपये घेऊन यायचे. आजोबा एकेक रुपया फरशीवर वाजवून बघायचे, दगडावर कस लावायचे आणि खरा निघाला की कडेला चंद्रकोरीचा एवढासा ठसा मारायचे. पुढं ते दिवस गेले. बाबांनी चांदीचं दुकान धरलं, त्यांना मुलगा नव्हता म्हणून मी गल्ल्याशेजारी बसायला लागले. गावाच्या दृष्टीनं मी 'पोतदारांची लग्नाची राहिलेली कुमुद' होते. माझ्या दृष्टीनं मी तालुक्यातली एक नंबरची पारखी होते. बाबा दोन नंबर.

चोरीची नाणी पारखायला या असा फौजदारांचा निरोप आला तेव्हा बाबांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. हिरवी पट्टी बांधून ते खाटेवर पडून होते.

"तू जा," ते म्हणाले.

"मी? ते मला विचारतील?"

"विचारणार नाहीत. तू सांग. आणि नाणं समोरून बघत बसू नकोस, आडव्या उजेडात धर. समोरून सगळी नाणी सारखीच दिसतात."

प्रकरण असं होतं. एका चोरानं एकाच फेरीत दोन घरं फोडली होती. एक गावातलं विलासराव घारग्यांचं, दुसरं कुरणवाडीच्या ठकूबाई वाघमोडेचं. दोन्हीकडनं राणीछाप रुपये गेले. बहुतेक माल त्यानं वाटेतच विकून टाकला आणि उरलेली ओंजळभर नाणी घेऊन बाजारात सापडला. ही नाणी कुठल्या घरातली, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. अंधारात एकाच पिशवीत टाकली, म्हणाला. आता फौजदार जो अहवाल देतील त्याप्रमाणे कोर्ट नाणी परत करणार होतं, म्हणजे आज या टेबलापाशी जो आपली नाणी ओळखील त्याची ती.

विलासराव घारगे आधीच येऊन बसले होते. पिठाच्या गिरण्या, तेलाचा घाणा, पंचायतीत वजन. माणूस वाईट नव्हता. त्यांचं खरंच नुकसान झालं होतं, आणि आपली चोरीला गेलेली वस्तू समोर दिसते आहे अशी त्यांची मनोमन खात्री होती. खात्री झालेल्या माणसाशी भांडणं लबाड माणसाशी भांडण्यापेक्षा कठीण असतं.

ठकूबाई दाराजवळ जमिनीवर बसली होती. फौजदार रणपिसे दोनदा म्हणाले, "आजी, बाकावर बसा," पण ती उठली नाही. उन्हानं रापलेला चेहरा, डोळ्यांत मोतीबिंदूची दुधी साय, अंगावर विटकं लुगडं आणि कपाळ मोकळं. तिच्याबरोबर कुणीच नव्हतं.

"राण्या गावल्या म्हनं माज्या," ती माझ्या पायांच्या आवाजाकडं बघून म्हणाली. "कुटं हायत?"

"टेबलावर आहेत, आजी."

"बऱ्या हायत न्हवं?"

नाण्यांची अशी विचारपूस मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. "बऱ्या आहेत," मी म्हटलं आणि पिंगळ्यांकडं बघितलं. त्यांनी छताकडं बघितलं.

"चला," रणपिसे खुर्चीत सरसावून बसले. माणूस तरुण होता, सरळ होता आणि त्यांना हे काम जेवायच्या आत उरकायचं होतं. "घारगे, तुमच्या नाण्यांची खूण काय?"

विलासराव तयारीनंच आले होते. "साहेब, आमच्या आजोबांनी यांच्याच आजोबांकडनं सगळे रुपये पारखून घेतले होते. कडेला चंद्रकोरीचा ठसा असणार. बघा हवं तर."

रणपिश्यांनी एक रुपया उचलून भिंगाखाली धरला. मीही वाकून बघितलं. राणीच्या मानेखाली, कडेला चिकटून, आमच्या घराची चंद्रकोर होती. दुसऱ्यावर होती. तिसऱ्यावरही.

"पोतदारबाई, हा ठसा तुमचाच?"

"आमचाच आहे."

"मग झालं तर. पिंगळे, लिहून घ्या."

"थांबा साहेब! हा ठसा आमचा आहे, घारगेकाकांचा नाही. अर्ध्या तालुक्याचे रुपये आजोबांच्या हाताखालून गेलेत. या ठशावरून नाणी वाटायची म्हटलं तर बाजार भरवावा लागेल."

रणपिसे हसले. विलासराव हसले नाहीत. "पोरी, तू आजोबांची नात शोभतेस खरी," ते म्हणाले, "पण मी खूण सांगितली आणि ती निघाली. आता त्या बाईला विचारा."

"आजी, तुमच्या नाण्यांची खूण काय?"

ठकूबाईनं मान वर केली. तिला प्रश्नच गमतीचा वाटला असावा. "खून? कुंकू हाय की त्यास्नी. समद्या राण्यास्नी. रोज सकाळच्याला देव्हाऱ्यात लावती म्या."

वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलेल्या राण्यांवर कुंकवाचा कणसुद्धा नव्हता. कपाळावर नाही, केसांत नाही, अक्षरांच्या खोबणीत नाही. तिथं राख होती.

मी पिंगळ्यांकडं वळले. "काका, नाणी आली तेव्हा त्यांच्यावर तांबडं काही होतं का?"

"काळं होतं," पिंगळे घाईनं म्हणाले. "आन्... गंज होता थोडा."

"चांदीला गंज येत नाही."

"मग मळ असंल! मी काय राण्यांची तोंडं बघत बसलो न्हवतो."

त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला कळलं आणि त्यांनाही कळलं की मला कळलं आहे. पण मुद्देमालावरची खूण आपणच पुसली हे साहेबांसमोर कबूल करायचं म्हणजे नोकरीशी गाठ. ते वर्तमानपत्राची कड सरळ करायला लागले.

विलासरावांनी खाकरून घसा साफ केला. "साहेब, राग मानू नका, पण जरा त्या बाईच्या कपाळाकडं बघा."

सगळ्यांनी बघितलं. मीही बघितलं आणि बघितल्याची मला लाज वाटली.

"नवरा जाऊन जमाना झाला हिचा. आख्खी कुरणवाडी सांगेल. पांढऱ्या कपाळाची बाई कुंकवाच्या करंड्याला हात लावते का? रोज सकाळी कुंकू लावते म्हणे! तुम्हांला पटतं? हिला कुणीतरी शिकवून पाठवलंय."

"आजी?" रणपिश्यांनी विचारलं. "हे काय म्हणतात?"

ठकूबाईनं लुगड्याचा काठ गुडघ्यावर नीट केला. "लावती म्या," ती एवढंच म्हणाली.

रणपिश्यांनी पेन उघडलं. त्यांचा चेहरा बघून मला कळलं की हे प्रकरण आता घारग्यांच्या बाजूनं लिहिलं जाणार. आणि त्यांचं तरी काय चुकत होतं? एका बाजूला सांगितलेली आणि सापडलेली खूण, दुसऱ्या बाजूला नसलेलं कुंकू आणि कुणाला न पटणारी गोष्ट. मला स्वतःला तरी कुठं पूर्ण पटलं होतं? पण राण्या बऱ्या आहेत ना असं विचारणारी बाई खोटं बोलत असेल हे मनाला काही केल्या पटेना.

"साहेब, पंचनाम्यावर माझी सही लागणार ना?" मी म्हटलं. "मग मला ही नाणी आधी नीट धुवायची आहेत. खोबणीत राख बसलीय, मला सालसुद्धा वाचता येत नाही. न बघता मी सही करणार नाही."

"आणखी धुणार? धुवायला राहिलंय काय आता?"

"पिंगळेकाकांनी घासलीत. धुतली कुणीच नाहीत."

रणपिश्यांनी घड्याळाकडं बघितलं, सुस्कारा सोडला आणि मान हलवली. विलासरावांनी चहा मागवला.

मी मागच्या ओट्यावर मांडी घातली. पिशवीतून रिठ्याचं पाणी, मऊ केसांचा कुंचला आणि लाकडाच्या भुशाचा डबा काढला. पिंगळे मुकाट्यानं बादलीभर पाणी घेऊन आले आणि शेजारीच उभे राहिले. रिठ्याच्या पाण्यात नाणं बुडवायचं, फेस होईपर्यंत कुंचला अलगद फिरवायचा, स्वच्छ पाण्यातून काढायचं आणि भुशात घोळवून कोरडं करायचं. जोर करायचा नाही. मळ आपला आपण सुटतो.

पहिली राणी कोरडी झाली तशी मी ती उन्हात आडवी धरली, बाबांनी सांगितल्याप्रमाणे.

हातोहात फिरलेला रुपया कुठं झिजतो हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आधी गाल जातो, मग केसांच्या बटा, मग मुकुटाची वरची कड. या राणीचा गाल गुबगुबीत होता. मुकुटाचे मणी वेगवेगळे दिसत होते. नाकाचा शेंडा जागेवर होता. कपाळ तेवढं गेलं होतं.

भुवईच्या वर एक गुळगुळीत खळगा पडला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. मधोमध नव्हता. वर मुकुटाकडं चढलेला आणि तिरका.

मी दुसरी राणी धुतली. तोच खळगा, तिथंच, तसाच तिरका. तिसरी, चौथी, तेच. मी भराभर धुवायला लागले. मधे एक राणी अशी निघाली की तिचं कपाळ टाकसाळीतून आल्यासारखं कोरं. ती मी कुणाला न सांगता बाकीच्यांतच मिसळून ठेवली. मग दोन नाणी राजाची निघाली, मुकुट नसलेल्या राजाची. त्यांच्या कपाळावर खळगा नव्हता, पण भुवईपासून टाळूपर्यंत सगळा भाग सपाट झाला होता.

हे काय असावं? कानशीच्या रेघा नव्हत्या. तेजाब लागलं असतं तर सगळीकडं खाल्लं असतं. चोराला नाण्यांच्या कपाळाशी काय वैर? हे एखाद्या मऊ वस्तूचं काम होतं, आणि वर्षानुवर्षं चाललेलं. धातूनं धातू झिजतो तेव्हा कडा राहते. इथं कडाच नव्हती, पायरीच्या दगडाला पडते तशी सावकाश झीज होती.

मी मान वर केली. उघड्या दारातून ठकूबाई दिसत होती. तिचा उजवा हात गुडघ्यावर होता. करंगळीशेजारचं बोट कधीतरी विळा लागून आखडलेलं असावं. ते सरळ नव्हतं. पेरापासून बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं.

मी नाणी ओच्यात घेतली आणि जवळजवळ धावतच आत गेले. धावता धावता एवढं भान ठेवलं की कुणाला काही सांगायचं नाही. एक शब्द जरी बोलले असते तरी घारगे म्हणाले असते, पोरीनं बाईला पढवलं.

"साहेब, मारुतीच्या तसबिरीखालचं कुंकवाचं ताट घेऊ का?"

"कशाला?"

"खूण बघायचीय."

त्यांनी हातानंच घे म्हणून सांगितलं. मी ताट टेबलावर ठेवलं आणि एक झिजलेली राणी विलासरावांच्या पुढं सरकवली. "काका, हिला कुंकू लावा."

"हा काय पोरखेळ आहे?"

"लावा हो," रणपिसे म्हणाले. त्यांना आता मजा वाटायला लागली होती. "तुमचीच राणी आहे ना?"

विलासरावांनी बोट बुडवलं आणि लावलं. कपाळाच्या बरोबर मधे, गोल, भुवईला लागून. मी रणपिश्यांना भिंग दिलं. "खळगा दिसतो, साहेब? कुंकवाच्या वर, तिरका?"

"दिसतो की. हे काय आहे?"

"आता तुम्ही एकीला लावा."

त्यांनीही लावलं. मधोमध, भुवईला लागून. खळगा वर कोरडाच राहिला. मी पिंगळ्यांना लावायला लावलं, मी स्वतः लावलं. सगळ्यांचं तिथंच पडलं. माणसाचं बोट आपण होऊन मधेच जातं. मी सगळ्या राण्या फडक्यानं स्वच्छ पुसल्या आणि ताट घेऊन ठकूबाईसमोर जमिनीवर बसले.

"आजी, रोज सकाळी लावता तसं लावा हिला."

"मला दिसत न्हाई गं बाय."

"घरी दिसतं का?"

"घरी बी न्हाई. घरी बोटाला म्हाईत असतंय."

"मग बोटालाच लावू द्या."

तिनं रुपया डाव्या तळव्यावर घेतला. अंगठ्यानं चाचपून मुकुटाची बाजू वर आणली. मग ते वळलेलं बोट कुंकवात टेकवलं, आणि नाण्यावर हलकेच ठेवून उचललं.

मी नाणं टेबलावर ठेवलं. भिंगाची गरज नव्हती. कुंकू वर चढलेलं होतं, तिरकं होतं आणि खळग्यात काठोकाठ बसलं होतं. बाहेर कण नाही, आत मोकळी जागा नाही.

रणपिसे खुर्चीतून उठले.

"बघून लावलं असेल," विलासराव म्हणाले, पण त्यांच्या आवाजात मघाचा जोर नव्हता.

"दिसत न्हाई म्हनती न्हवं म्या?" ठकूबाईला आता राग आला. तिनं पदर डोक्यावरून खाली हनुवटीपर्यंत ओढून घेतला आणि पदराआडूनच हात पुढं केला. "द्या हिकडं."

मी एकेक राणी तिच्या तळव्यावर ठेवत गेले. अंगठा मुकुट शोधायचा, बोट कुंकवात जायचं, कपाळावर टेकायचं. प्रत्येक राणी मी टेबलावर ठेवायचे आणि रणपिसे वाकून बघायचे. तिरकं, वर चढलेलं, काठोकाठ. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. ठाण्यातले दोघं शिपाईही दारात येऊन उभे राहिले होते. एकजण न राहवून म्हणाला, "आयला!" साहेबांनी त्याला दटावलंसुद्धा नाही.

मग मी ती कोऱ्या कपाळाची राणी दिली.

अंगठ्यानं मुकुट शोधला. बोट कुंकवात गेलं, कपाळापाशी आलं आणि तिथंच थांबलं. तिनं अंगठ्याच्या टोकानं कपाळ चाचपलं. पुन्हा चाचपलं.

"ही माजी न्हवं," पदराआडून आवाज आला. "हिला म्या कदी लावलं न्हाई. कुनाची हाय तिला द्या."

एक अख्खा चांदीचा रुपया तिनं आपल्या हातानं बाजूला सारला होता. मी तो उचलून विलासरावांच्या पुढं ठेवला. "काका, तुमच्या तिजोरीतला हा असणार. याला कुणी हातच लावलेला नाही."

विलासरावांनी नाणं घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. माणूस वाईट नव्हता म्हटलं ते उगीच नाही. त्यांनी नाणं टेबलावर ठेवलं, टोपी नीट केली आणि म्हणाले, "साहेब, माझी हरकत नाही. बाकीची नाणी या बाईंचीच आहेत. लिहा तसं."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्या नाहीत, पण हसू मात्र आवरेना.

"आणि हे राजे?" रणपिश्यांनी विचारलं. "यांना कुंकू लावलं नाही आजीनं."

"त्यास्नी कुंकू कशाला?" ठकूबाईनं पदर वर केला. "बाप्ये हायत ते. त्यास्नी भंडारा. अंगठ्यानं, असा वर वडायचा." तिनं हवेत अंगठा भुवईपासून टाळूकडं ओढून दाखवला. मी राजाचं नाणं आडव्या उजेडात धरून साहेबांना दाखवलं. भुवईपासून टाळूपर्यंत सपाट.

तेवढ्यात कोपऱ्यातून पिंगळ्यांनी टाचा जुळवल्या. "साहेब, तांबडं होतं. समद्या राण्यांच्या कपाळाला होतं. म्या घासलं."

"पिंगळे, हे तुम्हांला आत्ता आठवलं?"

"आठवत मघाशीबी हुतं, साहेब."

रणपिश्यांनी त्यांच्याकडं असं बघितलं की पिंगळे पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेले. मग रणपिसे टेबलाला वळसा घालून आले आणि ठकूबाईसमोर उकिडवे बसले. गणवेशातला फौजदार जमिनीवर बसलेला मी तेव्हाच बघितला.

"आजी, एक विचारू? पंचनाम्यात लिहिणार नाही. घारगे म्हणाले ते खरं आहे ना? मग तुम्ही कुंकू..."

ठकूबाईच्या पुढ्यात ताट होतं, ताटाशेजारी मी एकेक करून ठेवलेल्या राण्या होत्या, सगळ्यांची कपाळं भरलेली.

"माजा मालक गेला तवा बायांनी माजं कुंकू पुसलं," ती म्हणाली. "रीतच हाय. म्या काय बोलली न्हाई. त्याच सालाला शाळंचं मास्तर आलं हुतं घरी. देव्हाऱ्यातल्या राण्या बघितल्या आन् म्हनलं, ठकूबाई, ही राणीबी तुज्यासारकीच. हिचा नवरा मेला, आन् मगच ही नाणी पडली. झालं! सासू म्हनली, मग हिला कुंकू कशापायी? पूस हिचंबी."

"मग?"

"म्या म्हनलं, न्हाई पुसनार. माजं पुसलं ते पुसलं. हिचं म्या पुसू देनार न्हाई." तिचा आवाज आता चढला होता. "सासू बोलली, जावा बोलल्या, देव्हाऱ्याला इटाळ म्हनल्या. बोला म्हनलं. रोज सकाळच्याला उटून लावलं म्या. कुनाला भ्याली न्हाई."

विलासराव दारापर्यंत गेले होते, ते तिथंच उभे राहिले. मी नाण्यांकडं बघितलं. ज्या झिजेला मी आतापर्यंत पुरावा म्हणून बघत होते ती एका बाईची रोजची सकाळ होती, आणि हे कळल्यावर माझे डोळे भरून आले. मी नाक ओढलं आणि उगीचच भुशाचा डबा बंद केला.

कोर्टाचा हुकूम व्हायला वेळ लागणार होता. नाणी तोवर ठाण्यातच राहायला हवी होती. रणपिसे तसं म्हणालेही, पण ठकूबाई राण्यांवरून हात फिरवत होती ते त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "पोतदारबाई, बंधपत्र लिहून देतो. तुम्ही जामीन राहता?"

"राहते."

"तुमच्या वडिलांना विचारायला नको?"

"ते दोन नंबर आहेत," मी म्हटलं. त्यांना अर्थ कळला नाही, पण मी सही ठोकून दिली.

ठकूबाईनं पदराच्या टोकात एकेक राणी ठेवली, मग दोन्ही राजे ठेवले, आणि घट्ट गाठ मारून ती कमरेला खोचली. उठताना मी तिला हात दिला. उभी राहिल्यावर तिला आपल्या बोटाला राहिलेलं कुंकू चिकट लागलं असावं. तिनं ते लुगड्याला पुसायला नेलं. रोज सकाळी असंच पुसत असणार.

बोट लुगड्यापाशी थांबलं.

टेबलापाशी फौजदार होते, दारात शिपाई होते, पाण्याचा तांब्या घेऊन पिंगळे होते, उंबऱ्यावर विलासराव घारगे होते. सगळं गाव बघत असल्यासारखंच होतं ते. ठकूबाईनं मान ताठ केली, हात वर नेला आणि बोट आपल्या कपाळावर टेकवलं.

ते मधोमध बसलं नाही. वर चढलेलं, जरा तिरकं बसलं. तिच्या सगळ्या राण्यांना होतं तसंच.

पिंगळ्यांनी तांब्या खाली ठेवला आणि दारातल्या शिपायांना हातानं बाजूला सारून वाट करून दिली. विलासराव उंबऱ्यावरून खाली उतरून कडेला झाले.

ठकूबाईनं कमरेची गाठ एकदा थोपटली.

"चला गं बायांनो," ती म्हणाली, "घरला."